राखेतले मूग

चिखलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं खिडकीतून मुगाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझी नवी पँट राखेनं माखली. "राख झटकू नको रे गजू. लागतीन तेवढेच काढजो," एवढंच ती म्हणाली. मी पँट झटकत बसलो. गाडी हलली तेव्हा तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही.

आमच्या अमडापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चुलीची राख चाळायची, वाळलेल्या मुगाला चोळायची, मधे कडुलिंबाचा पाला आणि वर पुन्हा राख. मग वर्षभर भुंगा फिरकत नाही. पण पुण्यात आमच्या किचनला ट्रॉल्या, काचेच्या बरण्या, आणि बायको अनघा इथलीच. ती बिचारी कधी काही म्हणाली नाही. मलाच आपलं वाटायचं, ही राख बघून तिच्या माहेरचे काय म्हणतील! म्हणून दरवर्षी गावाहून आलो की ती उठायच्या आत बाल्कनीत बसून सगळे मूग चाळायचो, ओल्या फडक्यानं पुसायचो आणि बरणीत भरायचो. 'मले-तुले' पुसून 'मला-तुला' केलं, तसंच हे.

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली आणि नेमके तेव्हाच घरात किडे झाले. खिडकीत, पडद्यावर, देव्हाऱ्यात. अनघानं मोबाइलवर फोटो शोधले आणि गालिच्यातले किडे म्हणून फवारणीवाल्याला बोलवायला निघाली. मी एक चिमटीत धरला. गोलमटोल, तपकिरी, पाठीवर फिके ठिपके. कसला गालिचा अन् कसलं काय! तांदळातला सोंड्या काळा आणि सोंडवाला, पिठातला लालसर चपटा. हा कडधान्यातला भुंगा, लहानपणापासूनच्या ओळखीचा. बरणी उघडली तर दाण्यादाण्याला गोल भोक. फवारणी नको, मूग फेकू, फळ्या पुसून काढू, असं मी अनघाला सांगितलं. भुंगा का लागला, ते मात्र गिळलं.

आईनं ते भोकाचे मूग तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिले. मग फडकं घेतलं आणि ट्रॉल्या पुसायला बसली. संध्याकाळी ती माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "माह्याच हातानं राख कमी पडली असन. डोयाले दिसत नाही आता. सुनेच्या घरात किडे केले मी. पुढच्या साली मूगच लावत नाही."

कपाशीत मुगाच्या ओळी ती फक्त माझ्यासाठी लावते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची नजर शाबूत होती, हात शाबूत होता, आणि माझ्यापायी ती स्वतःला म्हातारी ठरवून मोकळी होत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आई, राख मीच काढत होतो. दरवर्षी."

"काऊन?"

"लाज वाटायची. अनघाच्या माहेरचे काय म्हणतील, म्हणून."

ती हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "राखीची, का माही?"

मी मान वळवली. दारात अनघा उभी होती. "आणि हे सगळं माझ्या नावावर?" एवढं बोलून ती आत गेली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

आईनं शेवटी मूग लावलेच. यंदाची पिशवी आली, ती अनघानंच पत्र्याच्या डब्यात रिकामी केली, राखेसकट. ओट्यावर करडे ठसे उमटतात, कुणी ना कुणी विचारतं, आणि अजूनही उत्तर द्यायच्या आधी माझी जीभ अडखळते. मंडळी, तुम्हीही माझ्यासारखे गाव सोडून आला असाल तर तुमच्याही घरात असं काहीतरी पुसलेलं असेल. मला विचाराल तर माझं घर आता त्या डब्यात आहे, आणि त्यात हात घालताना मी आधी मागे कोण आहे ते बघतो.

आई फोनवर विचारते, "भुंगा लागला का रे?" मी म्हणतो, "नाही लागला." तो दुसरा प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही. विचारेल या भीतीनं मीच फोन लवकर ठेवतो.