कोळशीच्या वर्षी, सायकलवर मोहगाव

सगळा घोळ एका कॅलेंडरनं घातला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे पांढुर्ण्याला वीज कार्यालयात बाबू होते. घरात सासूबाई, हे आणि मी. फवारणीची औषधं विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदारानं यांना नवं कॅलेंडर दिलं. त्याच्या पहिल्याच पानावर एक गोरं जोडपं सायकलींवरून द्राक्षांच्या मळ्यांतून चाललेलं. बाईच्या सायकलीला पुढे टोपली, टोपलीत हातभर लांब पाव आणि वाईनची बाटली. खाली लिहिलं होतं, फ्रान्स. हे रोज दाढी करताना त्या चित्राकडे बघायचे. एके दिवशी गालाला साबण तसाच ठेवून म्हणाले, आपल्याकडे द्राक्षं नाहीत, पण संत्री तर आहेत. संक्रांतीला तुझ्या माहेरी सायकलनं जाऊ. चार दिवस रमतगमत. बाटलीत ताक घेऊ.

माझं माहेर मोहगावच्या अलीकडे, संत्र्याच्या बागेतच. लग्नात बाबांनी मला लेडीज सायकल दिली होती, ती अंगणात नुसती उभी होती. सासूबाई म्हणाल्या, नवी सून पायडल मारत माहेरी जाईल तर लोक काय म्हणतील? पण हे एकुलते एक. हट्टाला पेटले की सासूबाईंचं काही चालत नसे, आणि त्या वेळी ते मला फार सोयीचं पडलं.

माझ्या बाबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. नातू-नात होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम, आणि बाबा तो असा पाळायचे की हसू यावं. पांढुर्ण्याला आले की आधी बसस्टँडच्या हॉटेलात पाणी, चहा उरकायचे, मग आमच्याकडे यायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की घोट नाही. रिकाम्या हातानं मात्र कधी आले नाहीत. दिवाळीला संत्र्यांची टोपली आणली होती, पण त्या वेळी फळांवर काजळी धरली होती. सासूबाईंनी एकेक फळ धुऊन पुसून ठेवलं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, थोडीशी कोळशी आहे, निघून जाईल.

पहिल्या दिवशी सकाळी निघालो. थंडी मरणाची. माझ्या हातांत यांचे लोकरी मोजे होते, कारण हातमोजे कुणाकडे असायचे तेव्हा! पांढुर्णा सोडलं की सौंसरचा रस्ता खालीवर होत जातो. चित्रातल्या बाईला चढ लागला नसावा, मला लागला. वाटेत कापसाच्या गाड्या भेटल्या. गाडीवानांनी मला वळून वळून पाहिलं. एकानं यांना विचारलं, बाईले बसमधी काहून नाई बसवलं? हे फुशारकीनं म्हणाले, आम्ही फिरायला निघालो. त्या माणसाला ते काही केल्या कळलं नाही.

कुणी जाणार असाल तर ऐका. डांबरी रस्त्यावर सायकल सुखानं चालते, पण बागांकडे वळलं की बाभळीचे काटे असतात. पंक्चरचं सामान आणि पंप घ्याच. आमच्याकडे पंप नव्हता. दुपारचा बराचसा वेळ आम्ही सायकली हातात धरून चाललो.

आणि त्या चालण्यातच मला पहिल्यांदा बागा नीट दिसल्या. बसच्या खिडकीतून जे हिरवं वाटायचं ते हिरवं नव्हतं. पान न पान काळं. चुलीच्या मागच्या भिंतीसारखं. यांनी एक पान तोडलं, बोटानं पुसलं, तर बोट काळं आणि पान खालून हिरवं. पानांच्या मागे बारीक काळे ठिपके चिकटलेले. ती काळी माशी. ती पानाचा रस पिते, चिकट पाणी सोडते आणि त्यावर ही काजळी धरते. एका बागेनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, सगळ्या तशाच. आम्ही ताकाची बाटली काढलीच नाही.

रात्री यांच्या मावशीकडे उतरलो. तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल आणि तिखट. इतकं चांगलं जेवण मी नंतर मोठमोठ्या हॉटेलांतही जेवले नाही. मावशींच्या शेजारच्यांनी मागच्या महिन्यात बाग काढून टाकली होती. तिथे नांगरलेली काळी जमीन होती आणि मधोमध एक विहीर.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला माहेरी पोचलो. बाबा फाटकातच उभे होते. सायकली बघून इतके हसले की खोकला लागला. यांना म्हणाले, जवाईबापू, तुमच्या खात्यानं जीप नाही दिली का? माय मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बागेकडे बघत होते.

बागेवर पानंच नव्हती.

थोडी होती, शेंड्यांना, वाळून वळलेली. बाकी खाली पडली होती, काळ्या पानांचा थर, पाय टाकला की चुरचुर वाजणारा. बाबांना मात्र कोण आनंद झाला होता! मला हाताला धरून ओळीओळीतून फिरवलं. संत्र्याला बहारासाठी ताण देतात, म्हणजे हिवाळ्यात काही आठवडे पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं की फुलं येतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांनी त्या वर्षी यातूनच इलाज काढला होता. फवारून उपयोग नाही, शेजारी फवारत नाही, माशी परत येते. त्यापेक्षा ताणच लांबवायचा. पान गळलं की माशी गेली, काजळी गेली, आणि पाणी सोडलं की नवं स्वच्छ पान. दसऱ्यानंतर लगेच त्यांनी मोटर बंद केली होती.

"झाडानं काळं टाकून देल्लं," ते म्हणाले. "आता पाह्य, कसं धुतल्यावानी निघते."

मला ते पटलं. खरं सांगते, इतकं सरळ वाटलं की मी यांच्याकडे बघून मान हलवली. माय पदराआड तोंड धरून घरात गेली.

आमच्या घरी ताण तोडायचं पहिलं पाणी घरच्या लेकीनं सोडायचं असतं. लग्नाआधी दर वर्षी मीच सोडायचे. बाबांनी या वर्षी त्यासाठी संक्रांतीपर्यंत वाट पाहिली होती, मी येणार म्हणून. मायनं मला रात्री हळूच सांगितलं की तिनं कितीदा म्हटलं, आता पुरे करा, सोडा पाणी. पण बाबा म्हणायचे, पोरगी येऊन राहिली, तिच्या हातानं होऊ दे. मी त्या रात्री नीट झोपले नाही.

संक्रांतीला मायनं मला काळी साडी नेसवली. नव्या नवरीची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घातले, तिळगूळ दिला. त्या साडीवर बागेची काजळी दिसत नव्हती, एवढीच काय ती सोय. विहिरीवर सगळे जमलो, बाबांनी मोटरला नारळ फोडला, बटण दाबलं, आणि लाईट नाही. सगळ्यांनी वळून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे बिचारे कागदं खरडणारे बाबू, पण सासऱ्याच्या विहिरीवर पूर्ण खात्याची जबाबदारी एकट्यावर आली. बाबा म्हणाले, जवाईबापू, घरच्या माणसावर तरी दया करा. त्या दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

लाईट यायची वाट बघत बांधावर बसलो होतो तेव्हा शेजारच्या बागेचे श्यामराव आले. बाबांच्या वयाचे, लहानपणी मला खांद्यावर घेतलेले. ते उभ्या उभ्या एक डहाळी वाकवायला गेले. ती वाकली नाही. कट्‌ करून मोडली. त्यांनी दुसरी घेतली, अंगठ्याएवढी जाड. तीही मोडली. आतून कोरडी, तपकिरी.

"भाऊ," ते बाबांना म्हणाले, "ताण नाई झाला हा. लय झालं."

बाबांनी त्यांच्या हातातून ती काडी घेतली आणि खिशात ठेवली. म्हणाले, शेंडा वाळतेच, खोड जितं आहे. होळीपर्यंत पाहा, फुलांनी वास मारंल बाग. श्यामरावांनी तिळगूळ घेतला, बाबांनाही दिला, आणि गेले.

दुपारनंतर लाईट आली. मी साडीचा काचा मारला, फावड्यानं दांडाचं तोंड फोडलं, आणि पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात गेलं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाणी पुढे सरकेचना. त्या भेगाच सगळं पीत होत्या, आवाज येत होता. बाबा उकिडवे बसून त्या आळ्याकडे बघत होते. अंधार पडेपर्यंत आम्ही एक ओळही पुरी भिजवू शकलो नाही. मी वाकून एका खोडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. दुसऱ्या झाडाची खरवडली, तिथे नव्हतं. तिसऱ्याची मी खरवडली नाही.

पुढचा मुक्काम सौंसर. वाट वाकडी करून जामसांवलीला जायचं ठरलं, कारण मायनं हनुमानाला नारळ बोलला होता आणि बाबांनी तो स्वतः नेऊन द्यावा असं तिचं म्हणणं. बाबांनी त्यांची जुनी सायकल काढली. तिघं एकामागे एक. डाव्या हाताला संत्रा, उजव्या हाताला संत्रा, सगळा काळा. हे चित्रातल्या फ्रान्सचं नाव पुन्हा काढत नव्हते. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, त्यांचा काही दोष नसताना.

जामसांवलीला गर्दी होती. लोक आपापल्या आजारी माणसांना घेऊन आले होते. कुणी म्हातारीला पाठुंगळी, कुणी न बोलणाऱ्या पोरीला हाताला धरून. दिवसचे दिवस तिथे राहणारे, झाडाखाली चूल मांडलेले. बाबा नारळ हातात घेऊन बराच वेळ रांगेबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं, चला न बाबा.

"इथं लोकं मानसं घेऊन येते," ते म्हणाले. "म्या झाडं कशी आनू?"

शेवटी नारळ मीच वाहिला. परत आले तर ते सायकलीची चेन बसवत होते, जी उतरलेलीच नव्हती. तिथून ते मोहगावकडे वळले आणि आम्ही सौंसरला.

सौंसरला बसस्टँडजवळ गरम आलूबोंडा खाल्ला. परतीला सायकलवर बसायची दोघांचीही इच्छा नव्हती. बसच्या टपावर सायकली चढवल्या. कंडक्टरनं त्यांचं भाडं लावलं, हे त्याच्याशी भांडले, आणि मला बरं वाटलं की निदान कशावर तरी भांडता येतं. पांढुर्ण्याला घरी आलो. सासूबाईंनी विचारलं, कशी झाली सहल? हे म्हणाले, चांगली. दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं. महिना अजून संपायचा होता.

आता तुम्ही जाल तर रस्ता रुंद आहे, ढाबे आहेत, आणि बागा पुन्हा हिरव्यागार उभ्या आहेत. पहाटे धुकं असतं, संत्र्याचा फुलोरा आला की वास सौंसरपर्यंत सोबत करतो. जरूर जा. माझी भाची मागच्या वर्षी गिअरच्या सायकलवर जाऊन आली, फोटो दाखवले, मलाही कौतुक वाटलं. पण मला विचाराल तर त्या सहलीतून माझ्याजवळ राहिलं ते काही रस्त्यावरचं नाही.

होळीच्या आधी एका दुपारी दारासमोर ट्रक थांबला. कापसाच्या ट्रकावर ओळखीनं बसून बाबा आले होते. फुलं आली का, हे मी विचारणारच होते, तेवढ्यात त्यांनी आणि ट्रकवाल्यानं मागून लाकडं खाली टाकायला सुरुवात केली. सारखी कापलेली, पिवळट, साल अजून काळी. अंगणात ढीग झाला. सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, इतकं सरपण, संत्र्याचं लाकूड जळतं छान! बाबा म्हणाले, हो, बंबाले चांगलं हाय, धूर करत नाही. ट्रक गेला.

बाबा हात झटकून उंबऱ्याशी आले, थांबले, आणि आत येऊन भिंतीला टेकून खाली बसले. माझी कूस तेव्हा रिकामीच होती. त्यांना ते माहीत होतं, सासूबाईंनाही.

"पानी दे वो पोरी," ते म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी माठातून तांब्या भरून दिला. बाबांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मिशी पुसली, तांब्या माझ्यापुढे धरला.

"अजून दे."