आक्काताईची उचल

चाळीस रुपयांची उचल आक्काताईला खरं तर कितीला पडली? व्याज धरा, अडत धरा, शेठजींच्या घरी पोचवलेली काकवीची घागर धरा... शेवटची रक्कम मात्र शेवटीच सांगतो.

दिवाळी नुकतीच उलटली होती. महाराजांची स्वारी शिकारीला गेलेली, गुळाची पेठ निवांत. नदीकाठच्या गावची आक्काताई कडेवर पोर घेऊन माझ्या गाड्यांच्या अड्ड्यावर आली.

नवरा प्लेगात गेला तेव्हापासून ऊस तीच लावते, तीच पाणी पाजते. आता ऊस तोडणीला आलेला, अन् गुऱ्हाळ लावायला हातात दमडी नाही.

मी स्टेशनावर पोती वाहून वर आलेला माणूस... पेठेत आपल्या शब्दाला वजन आहे. तिला घेऊन थेट ओळखीच्या अडत्याच्या, शेठजींच्या पेढीवर गेलो.

शेठजी तिच्याकडं न बघता मलाच म्हणाले, "मुकादम, पेढीच्या कागदावर बाप्या मानूस लागतोय. ही उद्या म्हायेराला गेली तर उसाम्होरं उभं कोण ऱ्हाणार?"

"आजवर कोण हुबं हाय म्हनं?" आक्काताई म्हणाली. "मीच हाय की!"

शेठजी चोपडी मिटू लागले. मग मला गंमत सुचली. "बाप्याच पायजे न्हवं? ह्यो काय, तिच्या कडंवर हाय की!"

पेढी हसली, शेठजीही हसले. पोराचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, अन् येणाऱ्या गुळावर चाळीस रुपये आगाऊ मिळाले. पेठेत बाईला पहिली उचल मिळवून दिली ती आपण... असं मी चारचौघांत सांगत फिरलो.

गूळ पिवळाधमक उतरला. उचल फिटून वर बरीच शिल्लक राहिली. आक्काताई ती न्यायला आली, तर तिचा दीर फेटा बांधून आधीच पेढीवर बसलेला.

"व्यवहार पोराच्या नावचा," शेठजी म्हणाले, "आन् पोराचा कर्ता चुलता." सगळी शिल्लक दिराच्या कनवटीला गेली. हीच ती शेवटची रक्कम.

मी तोंड उघडलं, तसे शेठजी हसले. "मुकादम, वाट तुमीच दावलीसा की!"

आक्काताई भांडली नाही. पायरी उतरताना मला एवढंच म्हणाली, "आण्णा, फुडच्या लावणीचं बेणं त्यातनंच घ्यायचं व्हतं..."

बेण्याला पैसा नाही म्हणून तिचं रान दिराकडं गेलं; यंदा तिथं त्याचा ऊस आहे. ती तिथंच रोजानं तण काढायला, भांगलायला जाते.

बाईला पहिली उचल मी मिळवून दिली, असं पेठेत अजून कुणीकुणी सांगतं... उचल मिळाली होती ती दोन वर्षांच्या पोराला.