टोपणाखालचं नाव

आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका आहे. धाराशिवात अशा अभ्यासिका आता किराणा दुकानांइतक्या झाल्यात. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, त्यामुळं कुणाला समास अडला, प्रयोग अडला की तो माझ्या दारात येतो. शंका फुकट, वर चहा. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. कवी आणि त्यांची टोपणनावं अशा जोड्या तिनं घडाघडा म्हणून दाखवल्या, आणि जाताना चपला घालत म्हणाली, "मॅडम, पण त्याला टोपण का म्हणतात हो? टोपण तर पेनाला असतं."

सगळी नोकरी मी त्या जोड्या लावायला देण्यात घालवली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला परत आत बसवलं. म्हटलं, टोपण म्हणजे झाकण. पेनाचं, बाटलीचं, तेलाच्या कॅनचं. डोकं झाकते ती टोपी, बाळाची टाळू आणि कान झाकतं ते टोपडं. सगळी एकाच घरातली माणसं आहेत. तसं खरं नाव झाकतं ते टोपणनाव. कवींनी ते पुढं आपल्याकडं घेतलं, पण शब्द काही कवींच्या घरी जन्मला नसावा. तिनं विचारलं, "मग उर्फ म्हणजे?" उर्फ वेगळा, मी म्हटलं. तो अरबी, फारसीचा हात धरून आला आणि आमच्याकडच्या निजामाच्या काळातल्या कागदांत ठाण मांडून बसला. उर्फ म्हणजे लोक ज्या नावानं ओळखतात ते. उर्फ ओळख सांगतो आणि टोपण ओळख झाकतं.

"भारी आहे," असं म्हणून ती गेली. परीक्षेत एक मार्क वाढेल या आनंदात होती. मी दार लावून घेतलं आणि तिथंच खुर्चीवर बसून रडले. माझ्या दादाला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दादाच्या आधी आईची दोन बाळं गेली होती. एक बारशाच्याही आधी, दुसरं रांगायला लागल्यावर. आमचं गाव बेंबळीच्या बाजूचं. अशा घरात तिसरं मूल झालं की त्याला चांगलं नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. दगड, केर, कोंडा, उकिरडा यांवरून काहीतरी नाव पाडायचं, म्हणजे नेणारा आला तरी नाक मुरडून परत गेला पाहिजे. दादाला सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं, शेजारणीनं तिथून उचललं आणि आईनं तिच्याकडून मूठभर कोंड्याच्या बदल्यात त्याला परत घेतलं. त्यावरून त्याचं जे नाव पडलं ते मी इथं लिहीत नाही. त्याला ते आयुष्यभर आवडलं नाही, आता मी कशाला लिहू.

आमच्या घराची यात आणखी एक रीत होती. बाळाला खरं नावही द्यायचं, पण ते आत्यानं एकटीनं त्याच्या कानात सांगायचं, आणि सांगून झालं की लगेच टोपडं बांधून कान झाकायचा. आईनं विचारायचं नाही, बापानं विचारायचं नाही. आईबापाच्या तोंडी आलं की सटवाईच्या कानी जातं, असं म्हणत. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला येरमाळ्याला येडेश्वरीपुढं उभा करायचा, आत्याला साडीचोळी करायची आणि तिनं सगळ्यांसमोर ते नाव मोठ्यानं उघडायचं. तोवर नाव तिच्याजवळ ठेवलेलं. मी कोशांत पुष्कळ शोधलं, टोपणनावाची ही रीत कुठं सापडली नाही. पण तो शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला असेल तर तो असल्याच एखाद्या घाबरलेल्या घरात उच्चारला असेल, असं मला वाटत आलंय.

माझ्या वेळी असलं काही केलं नाही. माझं नाव पाळण्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं पुकारलं. मुलीला कोण नेतंय, असा हिशेब असावा. दादा मला चिडवायचा, "तुझं बरंय, तू उघड्यावर ठेवली तरी चालती." मी म्हणायची, "मग घे माझं नाव." तो हसायचा, पण त्याला ते नाव ऐकायची फार ओढ होती. आत्या येरमाळ्याहून आली की तिच्या मागं मागं फिरायचा, तिला पाणी द्यायचा, तिचे पाय चेपायचा. ती हळूच म्हणायची, "दम धर. लई झ्याक नाव हाय. राखून ठिवलंय म्या."

त्याला बारा पुरी झाली त्या उन्हाळ्यात आधी आमच्या चुलत्याचं लग्न निघालं. लग्न झालं की लगेच येडेश्वरीला जायचं असं ठरलं होतं. मांडवात माइकवरून नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधत होते. आत्याचे मालक पहिल्या रांगेत बसले होते. बाबांनी विचार केला की हा तर घरचाच माणूस, आधी परक्यांचा मान होऊ दे, ह्यांचा शेवटी सावकाश बांधू. आमच्याकडं हे असंच करतात, जितका माणूस जवळचा तितका तो मागं. मग वाजंत्री सुरू झाली, नवरदेव निघाला, धावपळ झाली आणि तो फेटा राहिलाच. आत्या आणि तिचे मालक पंगतीला न बसता निघून गेले.

बाबा म्हणाले, "म्या काय मुद्दाम केलं व्हय? सख्ख्या भनीला एवढं समजू नये?"

आत्यानं निरोप धाडला, "फेटा घेऊन या, मग नावाचं बघू."

बाबा गेले नाहीत. पोराचं नाव अडवून धरती म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात बसलं. दोन्हीकडची माणसं चांगली होती, हे मी शपथेवर सांगते, आणि दोन्हीकडं माज होता, हेही सांगते. आई मधल्यामध्ये भरडली गेली. ती एकदा म्हणाली, "म्या जाते फेटा घेऊन." बाबांनी नुसतं बघितलं, आणि आई परत बोलली नाही. मला आजही राग येतो. चार हात कापडापायी माझ्या भावाचं नाव येरमाळ्यात अडकून पडलं.

पुढं आत्या यायची, पण फक्त मयतीला. चुलते गेले तेव्हा आली, बाबा गेले तेव्हा आली, आई गेली तेव्हा काठी टेकत आली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. पण सुतकात नाव उघडत नाहीत. दुःख ओसरलं की ज्याची त्याची शेतंभातं, दुकानं.

दादा त्या झाकणाखालीच वाढला. शाळेत हजेरी घेताना त्याचं नाव आलं की वर्ग खिदळायचा. आधी तो मारामाऱ्या करायचा, मग सोडून दिल्या. बेंबळीत त्यानं मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं आणि हात चांगला असल्यानं आसपासच्या गावांतून जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायला लागल्या. लोक तेच नाव आदरानं घ्यायला लागले, तरी दुकानाच्या पाटीवर त्यानं नुसतं आडनाव लिहिलं. त्याच्या लग्नात बायकांनी वहिनीला उखाण्यासाठी अडवलं. बिचारी चांगला उखाणा पाठ करून आली होती. फुलं होती त्यात, चांदणं होतं, आणि शेवटी हे नाव. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनीनं ते नाव इतकं हळू घेतलं की पुन्हा घ्यायला लावलं. दादा खाली बघत होता. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

मग त्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. सोलापूरला नेलं, उपचार झाले, आणि एक दिवस डॉक्टरांनी त्याच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी ठेवा, त्यांना आवडेल ते द्या. आवडेल ते काय द्यायचं, पाणी गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्याच्याकडं राहायला गेले. एका सकाळी उशीला टेकून बसला होता, म्हणाला, "मला आत्याकडं ने."

"कशाला रे? तिला आता माणसं ओळखू येत नाहीत."

"दवाखान्यात नंबर आला की नाव पुकारायचे. सगळे वळून बघायचे, कोण हाय म्हणून. एवढ्या आजारपणातबी लाज वाटायची." मग तो म्हणाला, "माझं नाव एकदा ऐकायचंय गं. दुसरं काही न्हाय."

भाच्यानं, दादाच्या मुलानं, गाडी काढली. मी बाजारातून एक फेटा आणला, दादा नको म्हणाला तरी आणला. येरमाळ्यात आत्याचं घर हायवेपासून आत आहे, पुढं मुलाचं चहाचं हॉटेल. आत्याचे मालक कधीच गेले होते. आत्या ओसरीत बाजेवर बसली होती, चिमणीएवढी झालेली. सूनबाईनं ओरडून सांगितलं, "तुमच्या म्हायेरची माणसं आलीत." तिनं मान हलवली, पण ओळख दिसली नाही. फेटा मी तिच्या मांडीवर ठेवला, तिनं तो हातानं चाचपून बाजूला सारला.

दादा तिच्यापुढं खाली बसला. गळ्यात मफलर, गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. आवाज घोगरा झाला होता. म्हणाला, "आत्या, तुमच्या भावाचं पोरगं आठवतंय का? दोन गेल्यावर झालेलं?"

आत्याचा चेहरा एकदम उजळला. "आठवतंय की. वाचलं बाई ते."

"त्याचं नाव काय ठिवलं?"

तिनं उकिरड्याचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं. सूनबाई हसली. दादाही हसला.

"ते न्हाय आत्या. कानात सांगितलेलं."

ती त्याच्याकडं एकटक बघायला लागली. त्याचा चेहरा, त्याचे हात, परत चेहरा. मग भिंतीकडं सरकली आणि ओरडली, "कोण हायस रं तू? कुणी धाडलं तुला? असलं लेकरू न्हाय हितं. न्हाय म्हणते ना! जा तू, जा!"

तिला घाम फुटला होता. सूनबाई धावली. दादा दोन्ही हात जोडून उठला, "जातो आत्या, जातो, भिऊ नगा," म्हणत मागं मागं सरकत अंगणात आला. ती त्याला काय समजली हे सगळ्यांना कळलं होतं.  गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "म्हातारी लई पक्की हाय. अजून राखती मला." आणि मफलरात तोंड घालून रडला. मीही रडले. भाचा गाडी चालवत होता, तोही.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. दहाव्याला गुरुजींनी गेलेल्याचं नाव विचारलं, भाच्यानं तेच एक नाव सांगितलं. दुसरं होतं कुठं.

आत्याला कळवायला पाहिजे, असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, मी जाते. खरं तर मला तिच्यावर ओरडायचं होतं. येरमाळ्यापर्यंत एसटीत मी मनातल्या मनात तिला काय काय बोलत गेले. पोचले तेव्हा ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती, शांत होती. मला बघून म्हणाली, "ये बाई, बस." कुणी तरी बाई आली आहे एवढंच तिला समजलं होतं. मी बसले.  तिनंच विचारलं.

"म्हायेराकडून आलीस का?"

"हो आत्या."

"भावाचं लेकरू कसंय माझ्या?"

मी त्या तोंडाकडं पाहिलं आणि मला ते सांगता आलं नाही. म्हटलं, "चांगलं आहे आत्या."

"मोठं झालं का?"

"झालं की. मोठं झालं, लग्न झालं, त्याला मूलही आहे. दुकान आहे त्याचं."

"आजारी-बिजारी न्हाय ना?"

"नाही आत्या. ठणठणीत आहे."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. सुटकेचा निःश्वास टाकला, असा की तिचे खांदेच खाली आले. "मग आता भ्या न्हाय," ती म्हणाली. "आता सांगाय हरकत न्हाय. हिकडं ये."

मी पुढं झाले. तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं ओढलं, कानावरचे केस मागं सारले आणि दादाचं नाव मला सांगितलं. मग मागं होऊन विचारलं, "हाय का न्हाय झ्याक?"

चांगलं नाव होतं. दादाला आवडलं असतं.