मनगटाला दोन पट्ट्या

एक हात प्लास्टरमध्ये असलेल्या इंदुबाईंनी दुसऱ्या हाताने एक्स-रे दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरला आणि सत्यशीलाबाईंचं शिवणयंत्र थांबलं.

मोडलेलं हाड त्या काही पहिल्यांदा बघत नव्हत्या. सदाशिव पेठेतल्या त्या दुकानात बावीस वर्षं त्या कमरेचे पट्टे, मानेच्या कॉलरी आणि मनगट ताठ धरणारे स्प्लिंट शिवत होत्या. वर हाडांचा दवाखाना, खाली दुकान. चिठ्ठी घेऊन पेशंट जिना उतरला की या टेप घेऊन उभ्या. लग्नानंतर ही नोकरी धरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "परक्या माणसांचे हात हातात घ्यायचे?" त्यावर सत्यशीलाबाईंचं उत्तर होतं, "मोडकेच घेते."

पण या एक्स-रेत मनगट शाबूत होतं. हाड मोडलं होतं ते बरंच वर, कोपराच्या बाजूला. स्प्लिंटमधली ॲल्युमिनियमची पट्टी जिथे संपते, नेमकं तिथे.

"हाताला मुंग्या येतात म्हणून तुम्हीच मला शिवून दिलेलं," इंदुबाई म्हणाल्या. "ते घालून न्हाणीत गेले, घसरले, हात टेकला. मनगट वाचलं तुमच्या कृपेनं. वरचं गेलं."

"स्प्लिंट घालून न्हाणीत जा, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं का?" गल्ल्यावरून रावसाहेबांनी विचारलं. ते दुकानाचे मालक. चूक गिऱ्हाइकाचीच असते, या एका श्रद्धेवर त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं होतं.

एरवी सत्यशीलाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं असतं. आज त्या एक्स-रेवरची नजर काढेनात. असलाच स्प्लिंट, नव्हे, याच्या दुप्पट कडक, त्यांनी आठ दिवसांपूर्वी पोटच्या पोरीला अमेरिकेला पाठवला होता. आणि उद्याच शनिवार होता.

पोरगी म्हणजे पूर्वा. कॉम्प्युटर इंजिनिअर. विश्रांतवाडीच्या त्यांच्या गल्लीतून विमानात बसलेली पहिली. कंपनीने सहा महिन्यांसाठी डेन्व्हरला धाडलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. दोन रविवारांपूर्वी म्हणाली, "जय भीम आई. ऑफिसचे सगळे येता सोडून पुढच्या शनिवारी स्नोबोर्डिंगला चाललेत. मीपण जाणारे."

"म्हणजे काय करतात?"

"दोन्ही पाय एका फळीला अडकवायचे आणि बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली यायचं."

रिसीव्हरला कान लावून बसलेल्या रामदासरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं, "आपण होऊन?"

"अहो बाबा, मजा असते! फक्त नवीन माणूस खूप पडतो, आणि पडला की हातच टेकतो. मनगटं मोडतात म्हणे. गार्ड घाल म्हणतात सगळे. आई, तू एक्सपर्ट ना? सांग, कसला घेऊ?"

'जाऊच नकोस' हे शब्द सत्यशीलाबाईंच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. पोरीला कुठे जाऊ नकोस असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून ती ऐकणार होती थोडीच! गिळलेली भीती मात्र पोटात तशीच राहिली, आणि भ्यालेलं माणूस शहाण्यासारखं वागत नाही.

"तू काही घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मी शिवते."

तरी बाजारात काय मिळतं ते त्या बघून आल्या. एका दुकानात स्केटिंगच्या पोरांचे प्लास्टिकचे गार्ड होते. ते त्यांनी उलटेपालटे करून ठेवून दिले. खेळणी मेली. दुसरीकडे नुसता इलॅस्टिकचा पट्टा. तो तर मोजाच. माप घेतल्याशिवाय हाताला बसतं का काही? मग स्वतः मशीनवर बसल्या. पूर्वाचा हात समोर नव्हता, म्हणून स्वतःच्या मनगटाचं माप घेतलं. पेशंटला बसवतात तसंच मनगट किंचित मागे झुकवून तळव्याकडून पट्टी घातली. आणि पोरगी आपली, डोंगर परका, म्हणून त्या पट्टीवर दुसरी पट्टी घातली. दुखऱ्या हाताला विश्रांती कशी द्यायची हे बाईंना पाठ होतं. पडणाऱ्या हाताला काय लागतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना विचारावं हे बावीस वर्षांच्या अनुभवाला सुचलं नाही.

पूर्वाच्या ऑफिसातला श्यामसुंदर तिकडे निघाला होता. त्याच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि स्प्लिंटची जोडी गेली. तिकडे जाणाऱ्या माणसाची बॅग कधी त्याची एकट्याची नसते.

इकडे दुकानातून इंदुबाई हात गळ्यात अडकवायचा नवा झोळणा घेऊन गेल्या. सत्यशीलाबाईंनी एका हातात ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, दुसऱ्या हातात कमरेच्या पट्ट्यातली प्लास्टिकची लांब काडी. दोन्ही टेबलावर टेकवून दाबल्या. ॲल्युमिनियम ढिम्म हललं नाही, फक्त त्याचं टोक तळहातात रुतलं. काडी धनुष्यासारखी वाकली, जोर लांबवर पसरला, आणि सोडल्यावर ती सरळ झाली.

"काय प्रयोग चाललाय बाई?" रावसाहेबांनी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं.

रावसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "जोर काय नाहीसा होतो का? लक्ष्मी रस्ता बंद केला की कुमठेकर रस्त्यावर कोंडी होते. तसंच हे."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर विकलं असतं का? जा आता. शिवण राहू दे."

पीएमटीच्या बसमध्ये त्यांना माणसं दिसलीच नाहीत. दांडीला लटकलेली नुसती मनगटं दिसत होती. विश्रांतवाडीला उतरून त्या थेट एसटीडी-आयएसडी बूथमध्ये शिरल्या. घरच्या फोनवरून परदेशी लागत नव्हता. संध्याकाळचे आठ, म्हणजे तिकडे शुक्रवारची सकाळ. घंटा वाजली, वाजली, आणि पूर्वाच्याच आवाजात इंग्रजीतून निरोप ठेवायला सांगितलं गेलं. त्या गडबडल्या. आयुष्यात यंत्राशी कधी बोलल्या नव्हत्या.

"पूर्वा, आई बोलतेय. मी पाठवलेलं घालू नकोस. ते चुकलंय. माझं चुकलंय. हातात घालूच नकोस, कचऱ्यात टाक, आणि आधी मला फोन कर."

काचेपलीकडे उभा असलेला बूथवाला मान वळवून दुसरीकडे बघायला लागला.

घरी रामदासराव म्हणाले, "ऐकेल ती निरोप." त्या म्हणाल्या, "आणि नाही ऐकला तर?" रामदासरावांनी ताट वाढून घेतलं. बाई जेवल्या नाहीत; रात्रभर जमिनीवर कधी पंजा, कधी मूठ टेकवून जोर कुठे जातो ते बघत राहिल्या.

शनिवारी सकाळी सातला फोन खणखणला.

"आई, काय झालं? मी घाबरले ना! बाबा बरे आहेत?"

"बाबांना काय धाड भरलीय! तू ते घातलंस का?"

"कालच घालून बघितलं. हातमोजा चढतच नाही वरून. म्हटलं, बाहेरून बांधीन."

सत्यशीलाबाईंनी रिसीव्हर तोंडाजवळ ओढला. "मुळीच नाही. नीट ऐक. तिथल्या दुकानातून घे. पट्टी हाताच्या मागच्या बाजूने लांब हवी. वाकवलीस तर थोडी वाकली पाहिजे आणि परत सरळ झाली पाहिजे. लाकडासारखी ताठ असेल तर ठेवून दे. तळव्याला गादी असेल असा घे. हातमोज्यासकट बसतो का ते दुकानातच घालून बघ."

"बरं."

"आणि तोल गेला की पंजा पसरायचा नाही. मूठ मिटायची, कोपरापर्यंतच्या हातावर पडायचं."

"आई, तू कधी बर्फ तरी पाहिलायस का?"

"हात पाहिलेत. हजारोंनी पाहिलेत. बोल, मूठ मिटायची?"

"मिटायची." मग जरा थांबून, "तू इतकी घाबरली असशील तर नाही जात मी."

हीच ती संधी होती. एक शब्द बोलला की पोरगी घरात बसली असती. शेजारी रामदासराव त्यांच्याकडेच बघत होते.

"जा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "सांगितलंय तेवढं कर."

त्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन एक कॉलर तीनदा शिवली आणि तीनदा उसवली. रावसाहेबांनी, नवल म्हणजे, वाया गेलेल्या दोऱ्याचा हिशोब मागितला नाही.

रविवारी सकाळी पुन्हा फोन. "जय भीम! तू सांगितलास तसलाच गार्ड घातला होता. सतरा वेळा पडले. मस्त आहे मी."

"उजवा हात पुढे कर."

"फोनवर?"

"अंगठा ताठ कर. त्याच्या मुळाशी, मनगटापाशी, खळगा पडतो बघ. तिथे डाव्या बोटाने दाब. दुखतंय?"

तिथलं बारीक हाड मोडलं की कधीकधी सूजही येत नाही, माणूस हसत हिंडतो आणि पुढे मनगट कामातून जातं, हे सत्यशीलाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"नाही."

"जोरात दाब."

"नाही दुखत."

"आता दुसरा हात."

"आई, दोन्ही बरे आहेत!"

"दुसरा हात, पूर्वा."

"दाबला. नाही दुखत. आणखी जोरात दाबला, तरी नाही दुखत! आता काय हातोडी मारून घेऊ?" पूर्वा ओरडली, अगदी लहानपणी वेणी घालताना ओरडायची तशी.

दुखणं लपवणारं माणूस बारीक आवाजात बोलतं, असं ओरडत नाही. सत्यशीलाबाईंनी रिसीव्हर रामदासरावांच्या हातात दिला आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा स्वतःसाठी चहा टाकायला उठल्या.