टाकीवरचं फडकं

"हात कुणी लावला?"

इंजिन खोकलं की डायवरचा हा पहिला सवाल. धरणाच्या पाण्यात मासेमारीची एक पत्र्याची होडी, तिच्या मागच्या फळीला अडकवलेलं जुनं पेट्रोलचं इंजिन आणि ते चालवणारा हा संशयी माणूस. एकदा इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात त्याचाच टॉवेल गुंडाळला गेला, तरी आधी आम्हा सगळ्यांची उलटतपासणी झाली. टॉवेल निघाल्यावर म्हणाला, "टावेल माझा हाय, पण आत ढकलला कुणी?"

तुम्ही विचाराल, मासेमारीच्या होडीत माणसं कशाला? मढ गावाच्या बाजूला धरण झालं, रस्ता बुडाला, पलीकडची वाडी पलीकडेच राहिली. नव्या रस्त्याचं आश्वासन मिळालं. आश्वासनावरून बैलगाडी जात नाही, हे मी आमच्या संघटनेच्या पत्रकात जाड अक्षरांत छापलं होतं.

वाडीत पत्रकं वाटून मी परत निघालो, त्या दुपारी होडीत कळा सुरू झालेली एक सून आणि तिची सासू होती. अलीकडच्या काठावर जीप उभी होती.

मध्यावर इंजिन धापा टाकू लागलं. जोर धरी, घुटमळे, बंद पडे. वारा सुटला होता. होडी बुडालेल्या बाभळींच्या खोडांकडे सरकत होती.

"हात कुणी लावला?"

त्यानं प्लग काढला, हुंगला, माझ्या नाकाखाली धरला.

"वल्ला हाय का, भाऊ?"

"कोरडा."

"ठिणगी तर पडतीय. मंग पेट्रोलच येत न्हाई."

त्यानं पेट्रोलच्या नळीचा रबरी फुगा दाबला. तो चपटा झाला आणि चपटाच राहिला. जरा थांबून दोरी ओढली की इंजिन लागे, लगेच मरे.

"डायवर, लेकरू हितंच व्हईल रं!" सासू ओरडली.

"त्याला म्हणावं दम धर. माझ्या होडीत इचारल्याबिगर कुनी चढत न्हाई."

सून हसली आणि हसता हसताच कण्हली. एक खोड पत्र्याला खरवडत गेलं.

मग त्यानं सासूच्या पायाशी असलेल्या टाकीवरचं पोतं बाजूला केलं. झाकणावरचा हवेचा स्क्रू गच्च आवळलेला, वर ओल्या फडक्याची गाठ. पेट्रोलच्या वासानं सुनेला उलट्या होत होत्या. पोटुशीला असला वास बाधतो, म्हणून कुणीतरी मायेनं टाकीचा श्वासच बांधला होता. फडक्याचा रंग सासूच्या लुगड्याचा होता. तिनं पदर तोंडात धरला.

डायवरनं गाठ सोडली, स्क्रू सैल केला. टाकीनं हुश्श करून हवा ओढली, नळीत पेट्रोल उतरलं आणि इंजिन लागलं. फडकं खिशात कोंबत तो म्हणाला, "मीच बांधलं व्हतं. इसरलो."

काठाला लागलो. दवाखाना गाठायच्या आधी, डिंगोऱ्याच्या अलीकडे जीपमध्येच मुलगी झाली. दोघी वाचल्या.

गोष्ट धरणाच्या कचेरीत पोचली. शाबासकी? छे! मासेमारीच्या होडीत माणसं बसवली म्हणून साहेबांनी इंजिनच काढून नेलं. बुडवलेला रस्ता त्यांना आठवला नाही, नियम बरोबर आठवला. डायवर कल्याणला एका गॅरेजात गेला, तो परत आला नाही.

पुढच्या बाळंतपणाला त्याच सुनेला आम्ही डोलीत घालून पाण्याला वळसा घालत नेत होतो. चढावर तिनं विचारलं, "डायवरला निरोप नाय धाडला का?"

आम्ही खांदा बदलला. सासू पाण्याकडे पाठ करून भराभर चालू लागली.