स्वतःचं घड्याळ लावणारा व्हीसीआर

लग्नाची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला मी मंडईजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तेव्हा एक आजी मांडीवरच्या व्हीसीआरवरची धूळ पदरानं पुसत तक्रार सांगत होत्या.

"अमेरिकेत हा टीव्हीच्या सिग्नलवरून स्वतःचं घड्याळ स्वतः लावायचा. इथे आणल्यापासून त्याचे बारा वाजलेत ते वाजलेतच."

"आजी, तो सिग्नल इथे येत नाही," दुकानदार म्हणाला. "घड्याळ हातानंच लावायचं. वीज गेली की पुन्हा लावायचं."

"मग राहू द्या. घरात आधीच एकाला मी वेळ सांगते, तेवढं पुरे."

त्यांच्या शेजारी बसलेले आजोबा जराही रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "निघायची वेळ झाली का गं?"

आजींनी मान डोलावली. आजोबा लगेच उठले आणि त्यांनी व्हीसीआर उचलला.