भाऊजींची बुटकी गितार

१९५८ सालची तीन मे. मी अंगणात वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळत बसले होते, कोपरापर्यंत हात तेलकट, आणि फाटक उघडून आमचे धाकटे दीर आत आले. उभ्या खानदेशात या दिरांसारखा दुसरा माणूस नसेल, की ज्याच्याकडे मुलं आधी धावत येत आणि मग त्याच्या दुप्पट वेगानं पळून जात. ते देवी डॉक्टर होते. डॉक्टर म्हणायचं ते गावाच्या समाधानासाठी. काम देवीची लस टोचण्याचं. बिऱ्हाड धुळ्याला, फिरती नरडाण्याच्या आसपासच्या खेड्यांत, आणि सुट्टी मिळाली की मुक्काम जळगावला आमच्याकडे. लग्न केलं नाही. "मला पाहून पोरं रडतात, वहिनी. स्वतःच्या घरातही तेच कशाला?" असं म्हणायचे.

सामान म्हणजे एक वळकटी, लसीची पत्र्याची पेटी, उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच छत्री आणि ती गितार. गितार भुसावळच्या एका गोऱ्या इंजिन ड्रायव्हरची. स्वातंत्र्यानंतर त्याचं कुटुंब विलायतेला निघालं तेव्हा त्यानं ती भाऊजींना देऊन टाकली. प्रवासासाठी मुद्दाम बुटकी केलेली, दुधी भोपळा मधून चिरावा एवढी. ड्रायव्हरनं त्यांना एक चाल शिकवायला घेतली, ती निम्मी झाली आणि त्याची गाडी सुटली. भाऊजींना शेवटपर्यंत ती निम्मीच चाल येत होती. जिथं ती तुटे तिथं ते मान खाली घालत, श्रोत्यांची माफी मागितल्यासारखं हसत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

वस्तू बुटकी असण्याचे फायदे ते मला न विचारता सांगत. गाडीच्या बाकाखाली मावते, बैलगाडीत मांडीवर बसते, धर्मशाळेत उशाला घेता येते, कुत्रं अंगावर आलं तर उगारता येते. तिच्या पोटातल्या भोकातून ते पोस्टकार्डं, सुपारी, दाढीचा साबण असं सगळं आत टाकत आणि लागेल तेव्हा ती उलटी धरून गदागदा हलवत. एकदा आमच्याकडे सोयरीक बघायला पाहुणे आले असताना त्यांनी ती अशीच हलवली. आधी साबण पडला, मग एक मोजा, मग मोज्यामागून जिवंत पाल. सोयरीक जमली, पण मुलीची आत्या लग्नाला आली नाही. तोटे मी सांगत असे. खानदेशच्या उन्हात तारा सैल पडत, मे महिन्यात तर पटापट तुटत. आवाज डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या हातात ते खेळणं वाटे. पाचोऱ्याला एका बाईनं विचारलं होतं, "भाऊ, नातवासाठी घेतलं का?" भाऊजी म्हणाले, "नाही अक्का, नातू व्हायचा राहिलाय, म्हणून मीच वाजवतो."

खरा फायदा मात्र वेगळाच होता. गावात शिरताना ते वाजवत आणि पोरं गोळा होत. वाजवता वाजवता बोलत, बोलता बोलता दंड पुसत, आणि फिरकीची सुई कातडीत फिरवून मोकळे होत. साहेबांना शिपाई घेऊन जमत नसे ते यांना निम्म्या चालीवर जमे. पण दोन वर्षांत त्या पोरांना कळलं, की हे वाजलं की दंड सुजतो आणि ताप भरतो. मग गितार ऐकू आली की गल्लीत आरोळी उठे, "देवीवाला उना व माय!" आणि बठ्ठी, म्हणजे सगळी, पोरं गायब. कोणी कणगीत, कोणी गोठ्यात, कोणी कपाशीच्या ढिगात.

मी स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, पोलीस कधी सनई वाजवत चोराच्या घरी जातो का? ती इथं ठेवा आणि मुकाट्यानं जात जा."

"मुकाट्यानं गेलं की पोरांना मी चोर वाटतो, वहिनी."

"वाटू द्या. लस तर लागते ना?"

त्यांनी ती वर्षभर आमच्याकडे ठेवली. लस पुष्कळ लागली. पण सुट्टीत आले की जेवता जेवता घास हातातच राही. "बापांनी हात पिरगाळून धरलेली पोरं टोचतो मी," एवढंच म्हणायचे. पौषात ते गितार घेऊन परत गेले. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

त्याच पौषात तापीकाठच्या एका खेड्यात ते गाडीवाटेनं वाजवत गेले. कपाशी वेचून घराघरांत छतापर्यंत भरलेली. सगळी पोरं टोचून झाली, यादीत एक मुलगी उरली. सात वर्षांची, नाव सकू. आई म्हणाली, मामाकडे गेलीय. भाऊजींना ते खरं वाटलं नाही, कारण दाराशी तिची ओली चड्डी वाळत होती आणि कपाशीच्या ढिगाऱ्यातून कोणीतरी शिंकलं. पण नरडाण्याची गाडी गाठायची होती. ते हसले, ढिगाऱ्याला उद्देशून "पुढच्या खेपेला बरं का" म्हणाले आणि निघाले. पुढच्या खेपेला त्या दारावर कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते. घरात देवी आली होती. चौथ्या दिवशी सकू गेली. आईनं त्यांना बोल लावला नाही. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुमनं वाजं ऐकं, दादा, आनि मनी आंडेरले मीच दपाडं." आंडेर म्हणजे लेक, दपाडं म्हणजे लपवलं.

त्या दिवसापासून गितार आमच्या माळ्यावर. "बंबात घाला," असं म्हणाले होते. मी घातली नाही. चांगलं लाकूड जाळायची मला सवय नाही. भाऊजींनी नोकरी सोडली नाही, फक्त हसणं सोडलं. वेळेवर जात, यादी पुरी करत, ढिगारे उपसून पोरं बाहेर काढत. वरिष्ठ खूश होते. आमची मुलं मात्र त्यांच्या ताटाशेजारी बसेनाशी झाली.

तर तीन मे. त्यांनी गव्हाच्या चादरीशेजारी बसकण मारली, हात पुढे केले आणि माझ्याबरोबर गहू चोळू लागले. चोळता चोळता म्हणाले, "सकूच्या आईला मुलगा झालाय. दीड वर्षाचा आहे. नदीपलीकडच्या गावात देवी आलीय."

"मग टोचा त्याला."

"दार उघडत नाही. दोनदा गेलो. मुकाट्यानं येणाऱ्यावर तिचा भरवसा नाही. आतून म्हणते, त्या वखतले वाजं ऐकीसन आंडेरले दपाडं. आते वाजाडत या, दादा, वाजं ऐकीसन पोरले बाहेर लई येसु. वाजवत आलो तरच पोराला बाहेर आणणार म्हणते."

मी गहू चोळायचे थांबले. "मग न्या की ती. माळ्यावरच आहे."

"तुम्ही जाळली नाहीत?"

"नाही."

ते उठले, हात धुतले. "मला हात लावायचा नाही तिला. उद्या पाटलांना सांगून दार काढतो." वाद घालून काही होणार नव्हतं, आणि गव्हाची कोठी भरायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढले. गितारीच्या भोकात उंदरानं पोस्टकार्डं कुरतडून घर केलं होतं, ते काढलं. उरलेल्या एरंडेलाचा हात लाकडावरून फिरवला. चार तारा शाबूत होत्या, निम्म्या चालीला पुष्कळ. ती दशम्यांच्या पिशवीत घालून वर पंचा बांधला आणि भाऊजींना पोहोचवायला स्टेशनवर गेले. ते खिडकीशी बसले. मी पिशवी हातातच धरून दुष्काळाच्या, पाण्याच्या, चुलत सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोष्टी करत राहिले. गाडीनं शिट्टी दिली, डबे हलले, तेव्हा दोन पावलं बरोबर चालत मी पिशवी खिडकीतून त्यांच्या मांडीवर टाकली, म्हणजे परत देता येऊ नये. त्यांनी पंच्यावरून हात फिरवला आणि त्यांना कळलं. त्यांनी ती बाहेर फेकली नाही. दोन्ही हातांनी धरून बसले, झोपलेलं मूल धरावं तसं. गाडी धरणगावच्या दिशेला वळेपर्यंत मी उभी राहिले, आणि मग घरी येऊन गहू कोठीत भरले.